अंतराळातील रणनीतीचे खेळ : घेण्यापूर्वी आणि खेळताना

ऐरोलीत आमच्याच इमारतीत राहणारे एक काका गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. बुद्धिबळाची त्यांची आवड जुनी आहे. सुट्टीत आलेल्या भाचीने त्यांच्या लॅपटॉपवर एका खेळातील ताऱ्यांचा नकाशा त्यांना दाखवला, आणि दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडे दोन प्रश्न घेऊन आले. हे विकत घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे, आणि घेतल्यावर त्यात करायचे काय? मी त्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले आणि येथेही तोच क्रम ठेवतो, कारण हा खेळ कसा उलगडतो हे कळल्याशिवाय तो कसा विकत घ्यावा हे कळत नाही.

अंतराळातील रणनीतीच्या खेळात आपण एखादे यान चालवणारे वैमानिक नसतो, तर एका संपूर्ण राज्याचा कारभार पाहणारे असतो. सुरुवातीला आपल्या ताब्यात एखादा ग्रह आणि एक-दोन जहाजे असतात. आजूबाजूचा नकाशा अंधारात असतो. या प्रकाराला ‘फोर एक्स’ म्हणतात. अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने 1993 मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाविषयी लिहिताना हा शब्द रूढ केला. एक्सप्लोर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट आणि एक्स्टर्मिनेट या चार इंग्रजी क्रियापदांवरून तो आला असून शोध घेणे, विस्तार करणे, मिळालेल्या साधनसंपत्तीचा उपयोग करणे आणि प्रतिस्पर्ध्याचा पाडाव करणे असा त्याचा अर्थ आहे. चौथ्या शब्दामुळे हे निव्वळ युद्धाचे खेळ वाटतात, पण तसे ते नाहीत. त्याच ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये सर्व राज्यांची एक परिषद भरते आणि दोन तृतीयांश मते मिळवणारा एकही गोळी न झाडता आकाशगंगेचा अधिपती ठरू शकतो.

‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ खेळ म्हणजे मोठ्या प्रकाशक कंपनीच्या पैशावर आणि हुकमावर अवलंबून न राहता छोट्या चमूने, काही वेळा एकट्याच माणसाने, तयार केलेला खेळ. अंतराळ हा विषय अशा निर्मात्यांच्या पथ्यावर पडतो. मध्ययुगीन शहर दाखवायचे तर घरे, झाडे, घोडे, माणसांच्या चेहऱ्यांवरील भाव, हे सारे काढायला शेकडो चित्रकार लागतात. अंतराळ मात्र बहुतांश रिकामेच असते, ग्रह म्हणजे एक रंगवलेला गोल असतो, आणि ताऱ्यांची मांडणी संगणक दर डावाला नियमांच्या आधारे नव्याने करू शकतो. वाचलेली सारी मेहनत खेळाच्या नियमांवर खर्च करता येते. ‘एफटीएल’ हा 2012 सालचा गाजलेला खेळ जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी घडवला. त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून दहा हजार डॉलर मागितले होते आणि त्यांना दोन लाखांहून अधिक मिळाले.

आता खेळण्याकडे येऊ. नवख्या खेळाडूला सर्वाधिक फसवणारी गोष्ट म्हणजे विस्ताराची किंमत, आणि ती समजून घ्यायला नवी मुंबईत राहणाऱ्याला लांब जावे लागत नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडच्या जमिनीवर नोडमागून नोड, म्हणजे शहराचे आखीव विभाग, आखले गेले, सेक्टर पडले, इमारतीही उभ्या राहिल्या. पण शहर भरायला पुष्कळ वर्षे लागली. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल 1992 मध्ये आली, घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलवावे लागले, ठाणे आणि वाशी जोडणारा लोहमार्ग 2004 मध्ये सुरू झाला, पाण्यासाठी मोरबे धरणाचा आधार घ्यावा लागला. वसाहत वसवणे आणि वसाहत चालती होणे यांत मोठे अंतर असते, आणि मधल्या काळात तिचा भार आधीच्या भरलेल्या शहरावर पडतो. खेळातील नवी वसाहत याच रीतीने वागते. तिच्यावर लोक उतरवले की लगेच उत्पन्न सुरू होत नाही. उलट कित्येक फेऱ्या ती मूळ ग्रहाची तिजोरी खाते, तिला संरक्षण लागते, आणि तिच्यापर्यंत जाणारा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. काकांनी पहिल्या डावात वीस-पंचवीस फेऱ्यांमध्ये सहा ग्रह घेतले आणि सातव्या जहाजाला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांना खेळात चूक आहे असे वाटले. चूक खेळात नव्हती. सहा अर्धवट नोड एकाच वेळी पोसले जात होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अरुंद वाटा. अनेक खेळांत जहाजे मन मानेल त्या दिशेने जात नाहीत. ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरावीक मार्गांवरूनच त्यांना जावे लागते. नकाशा नीट पाहिला तर काही तारे असे सापडतात की, एका बाजूच्या पंधरा ताऱ्यांतून दुसऱ्या बाजूच्या पंधरा ताऱ्यांकडे जाण्याचा रस्ता केवळ त्यांच्यामधूनच जातो. ठाण्याची खाडी ओलांडण्याचा विचार करा. कळव्याचा पूल, ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल आणि जानेवारी 2024 पासून दक्षिणेला अटल सेतू. मार्ग इतके मोजके आहेत. वाशीच्या पुलावर सकाळी एखादा ट्रक बंद पडला तर त्याचा ताण ऐरोलीपर्यंत येतो, हे येथील प्रत्येक नोकरदार जाणतो. खेळात अशा ताऱ्यावर भक्कम ठाणे बांधले की मागचे पंधरा तारे जवळजवळ विनासंरक्षण ठेवता येतात आणि वाचलेला पैसा संशोधनाकडे वळवता येतो. म्हणून पहिल्या पन्नास फेऱ्यांत ग्रह किती समृद्ध आहे यापेक्षा तो कोठे आहे हा प्रश्न अधिक मोलाचा असतो, असे माझे ठाम मत आहे. जमीन सुपीक असलेल्या पण चारही बाजूंनी उघड्या ताऱ्यापेक्षा नापीक खिंडीतला तारा मी आधी घेतो.

तिसरी गोष्ट या खेळप्रकाराचे जुने दुखणे आहे. लहानपणी ‘व्यापार’ खेळलेल्यांना ते आठवेल. ज्याने पहिल्या अर्ध्या तासात चांगल्या जागा घेतल्या त्याला भाडे मिळते, भाड्यातून घरे बांधता येतात, घरांमुळे भाडे वाढते, आणि शेवटचा तासभर बाकीचे केवळ फासे टाकत राहतात. अंतराळातील खेळांतही आघाडीतून आघाडी वाढत जाते, आणि डाव जिंकल्याचे कळल्यानंतरही तो संपवायला दहा-दहा तास लागतात. या दुखण्यावर वेगवेगळे इलाज शोधण्याचे मोठे काम स्वतंत्र निर्मात्यांनी केले आहे, आणि या निर्मात्यांविषयी मला वाटणाऱ्या आदराचे ते मुख्य कारण आहे. मोठ्या प्रकाशकाला लाखो ग्राहकांना रुचेल असा ओळखीचा साचा हवा असतो. छोट्या चमूला एकच विचित्र कल्पना शेवटपर्यंत नेऊन पाहता येते.

आर्सेन गेम्सचा ‘एआय वॉर’ हा 2009 सालचा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. या खेळात मानवजात युद्ध आधीच हरलेली असते. आकाशगंगा दोन यांत्रिक बुद्धींच्या ताब्यात असते आणि आपण एका ग्रहावर उरलेलो असतो. शत्रू आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य असतो, पण तो आपल्याकडे फारसे लक्ष देत नाही, कारण आपण त्याच्या खिजगणतीत नसतो. आपण जिंकलेल्या प्रत्येक ग्रहागणिक त्याची सावधता दाखवणारा एक आकडा वाढतो, आणि तो आकडा वाढला की येणारे हल्ले अधिक मोठे आणि अधिक प्रगत होतात. म्हणजे ज्या विस्ताराने इतर खेळांत विजय मिळतो त्याच विस्ताराने येथे नाश ओढवतो. प्रत्येक ग्रहापुढे थांबून विचारावे लागते की, येथील साधने मला शत्रूच्या मूळ ठाण्यापर्यंत पोहोचायला खरोखर हवी आहेत का, की केवळ जवळ आहे म्हणून मी हा ग्रह घेतो आहे. सुरुवात करणाऱ्याला मी हा खेळ देणार नाही, कारण तो शिकायला जड आहे. पण व्यापार-छापाच्या दुखण्यावर इतका मुळाशी जाणारा इलाज मी दुसरा पाहिलेला नाही.

‘एफटीएल’ने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. त्यात राज्यच नसते. एक जहाज, मोजके कर्मचारी आणि मागून सतत पुढे सरकणारे बंडखोरांचे आरमार असते, त्यामुळे एका जागी बसून श्रीमंत होण्याची सोय उरत नाही. आठ विभाग ओलांडून शेवटच्या लढाईपर्यंत पोहोचायचे असते. जहाजाच्या अणुभट्टीतून मिळणारी मर्यादित वीज ढाल, शस्त्रे, इंजिन आणि प्राणवायू यांच्यात वाटायची, आणि हे वाटप लढाई थांबवून, शांतपणे विचार करून करता येते. जहाजात आग लागली तर बाहेरचे दरवाजे उघडून हवा जाऊ द्यावी, म्हणजे प्राणवायूअभावी आग विझते. मात्र त्याआधी आपली माणसे त्या खोलीतून बाहेर काढलेली असावीत. जहाज नष्ट झाले की डाव संपतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक पूर्ण डाव साधारण दीड-दोन तासांत आटोपतो, म्हणून ठाणे ते सीएसएमटी रोज ये-जा करून थकलेल्या माणसालाही तो झेपतो.

तिसरा मार्ग ‘डिस्टंट वर्ल्ड्स’चा. 2010 मध्ये आलेल्या या खेळात आकाशगंगा प्रचंड आहे आणि सर्व काही स्वतः पाहणे शक्य नाही, म्हणून कर, बांधकाम, जहाजांची रचना, मुत्सद्देगिरी यांपैकी हवे ते काम संगणकाकडे सोपवता येते. त्यात खासगी व्यापारही वेगळा चालतो. मालवाहू जहाजे नागरिक आपल्या गरजेने घेतात आणि आपण केवळ त्यांच्या वाटा सुरक्षित ठेवतो. काकांना हीच कल्पना सर्वांत अधिक आवडली, कारण नोकरीची सारी वर्षे त्यांनी मालवाहतुकीच्या व्यवहारात घालवली होती.

या खेळांचा स्वभाव असा संथ आहे हे लक्षात आले म्हणजे खरेदीतील मुख्य अडचण दिसते. संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या स्टीमवर, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना पैसे परत मागता येतात. हा नियम 2015 पासून आहे आणि तो चांगला आहे. पण पळण्या-उडण्याच्या खेळासाठी पुरेसे असलेले दोन तास येथे ट्यूटोरियलमध्येच, म्हणजे खेळ शिकवणाऱ्या सुरुवातीच्या धड्यांतच, जातात. खेळ पॉज करून चहाला उठलात तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून खेळ आवडतो का हे ठरवण्यासाठी ते दोन तास वापरू नयेत. ते काम खरेदीपूर्वी करावे : एखाद्या खेळाडूने शंभराव्या फेरीच्या पुढे खेळलेला भाग यूट्यूबवर पाहावा, कारण सुरुवात सर्वच खेळांची मोहक असते, निर्मात्याने विनामूल्य नमुना ठेवला असेल तर तो खेळावा, आणि ग्राहकांची मते वाचताना ज्यांनी पन्नास तासांहून अधिक खेळून तक्रार लिहिली आहे त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. परतीची मुदत फक्त यंत्राच्या तपासणीसाठी ठेवावी. आपल्या लॅपटॉपवर खेळ सुरू होतो का, अक्षरे वाचता येतात का, पंखा किंचाळत नाही ना, इतकेच पाहावे. अक्षरांचा मुद्दा किरकोळ नाही. या खेळांत वाचण्याजोगा मजकूर भरपूर असतो, तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि जुन्या खेळांत त्याचा आकार बदलता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी ही तपासणी चष्मा लावूनच करावी.

यंत्राविषयी एक गैरसमज मला वारंवार आढळतो. या खेळांसाठी महाग ग्राफिक्स कार्ड लागतेच असे नाही. डाव पुढे सरकतो तसा खेळ मंदावतो, तो चित्रांमुळे नव्हे, तर हिशेबांमुळे. शेकडो ग्रहांची लोकसंख्या, हजारो जहाजांचे मार्ग, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे निर्णय, हे सारे प्रोसेसरला क्षणोक्षणी काढावे लागते. त्यातील बरीच गणिते आधीच्या गणिताच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ती प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांमध्ये, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणाऱ्या त्याच्या भागांमध्ये (कोअर), वाटून देता येत नाहीत. त्यामुळे एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. साधा लॅपटॉप असेल तर तीनशे ताऱ्यांऐवजी साठ ताऱ्यांची आकाशगंगा निवडावी. खेळ सुरळीत चालतो आणि डावही संपतो. ‘एफटीएल’ मात्र दहा वर्षांपूर्वीच्या कार्यालयीन लॅपटॉपवरही चालतो.

‘अर्ली अ‍ॅक्सेस’ ही पाटी दिसली तर थांबून वाचावे. 2013 मध्ये स्टीमने सुरू केलेल्या या पद्धतीत अपूर्ण खेळ विकला जातो आणि मिळालेल्या पैशावर निर्माता तो पुरा करत राहतो. ही पद्धत मला मान्य आहे. तिच्याशिवाय अनेक छोटे चमू टिकलेच नसते. पण ग्राहकाने आज हातात येणाऱ्या खेळाचे मोल द्यावे, पुढे येणाऱ्या गोष्टींच्या यादीचे देऊ नये. निर्मात्याने शेवटचा बदल कधी केला याची तारीख खेळाच्या पानावर मिळते. सहा महिने तेथे शांतता असेल तर पैसे खिशातच बरे. बांधकाम रखडलेल्या इमारतीत घर नोंदवताना आपण प्रत्यक्ष जागेवर जाऊन किती मजले झाले ते पाहतो, तीच सवय येथे कामाला येते.

पुरवण्यांचेही असेच आहे. मूळ खेळानंतर त्याच्या वाढीव आवृत्त्या स्वतंत्रपणे विकल्या जातात, आणि सर्व मिळून रक्कम मोठी होते. ‘डिस्टंट वर्ल्ड्स’च्या तीन पुरवण्या 2014 मध्ये मूळ खेळासह ‘युनिव्हर्स’ नावाने एकत्र मिळू लागल्या. घाई नसेल तर अशा एकत्रित आवृत्तीची वाट पाहणे हिताचे असते. तोपर्यंत खेळ इच्छासूचीत टाकून ठेवावा. उन्हाळी आणि हिवाळी सवलतींच्या दिवसांत किंमत उतरली की दुकान ई-मेलने कळवते.

पैसे भरण्याचा भाग आता सोपा झाला आहे. स्टीमवर 2015 पासून किमती रुपयांत दिसतात आणि आता यूपीआयनेही व्यवहार होतो. डॉलरमध्ये विकणाऱ्या दुकानात मात्र बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वर पडते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरुवातीला बंद असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागते. कोठल्याशा संकेतस्थळावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या अनोळखी ‘की’, म्हणजे खेळ आपल्या खात्यात आणणारे सांकेतिक क्रमांक, घेऊ नयेत. त्यांतील काही चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या असतात, आणि कार्डधारकाने तक्रार केली की नुकसान त्या दोन-तीन माणसांच्या चमूचे होते.

घरातील वडीलधाऱ्यांना पडणाऱ्या एका शंकेचे निरसनही करायला हवे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तेव्हापासून ‘गेमवर बंदी आली’ असे सरसकट बोलले जाते. बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. एकदा किंमत मोजून घेतलेला आणि पैजेचा संबंध नसलेला खेळ त्या बंदीत येत नाही.

विकत घेतलेली वस्तू आपली होते का, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. स्टीमवर आपल्याला खेळाची मालकी मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. 2024 पासून पैसे भरण्याच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेले असते. 2008 पासून चालू असलेल्या जीओजी या दुकानात खेळाची संपूर्ण फाइल कुलुपाविना उतरवून घेता येते आणि आपल्या पेन ड्राइव्हवर जपता येते. ज्या खेळाकडे मी वर्षानुवर्षे परत येणार आहे असे वाटते तो मी तेथूनच घेतो, कारण छोटे चमू कायम टिकतातच असे नाही. क्वचित निर्माता मोठे मनही दाखवतो : ‘स्टार रूलर 2’च्या निर्मात्यांनी 2018 मध्ये त्या खेळाची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे खेळाडूंना तो स्वतः दुरुस्त करणे आणि वाढवणे शक्य झाले.

खेळायला बसल्यावर सुरुवातीच्या डावांत पाळाव्यात अशा काही साध्या गोष्टी आहेत. सर्वांत सोपी पातळी निवडण्यात कमीपणा मानू नये. पॉजचा उपयोग सढळ हाताने करावा, कारण बहुतेक खेळ त्यासाठीच रचलेले असतात. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू ठेवावी, आणि ‘एफटीएल’सारखा एकच सेव्ह ठेवणारा खेळ नसेल तर दर तासाला वेगळ्या नावाने स्वतः सेव्ह करावे, एकाच नावावर पुन्हा पुन्हा सेव्ह केले तर चाळीस फेऱ्यांपूर्वी झालेल्या चुकीपर्यंत परत जाता येत नाही. आणि शेजारी एक वही असावी. आठवड्याने पुन्हा खेळ उघडल्यावर कोणते आरमार कोठे आणि का पाठवले होते हे आठवत नाही. दोन ओळी लिहिलेल्या असतील तर डाव तेथूनच पुढे सुरू होतो.

काकांनी अखेर आधी ‘एफटीएल’ घेतला, तीन आठवडे रोज एक जहाज गमावले, आणि मग साठ ताऱ्यांच्या एका मोठ्या खेळाकडे वळले. परवा त्यांची वही पाहिली. डाव्या पानावर ताऱ्यांचा नकाशा पेन्सिलीने काढलेला आहे, मधोमध दोन भागांना जोडणारा एकच तारा लाल शाईने गोल केलेला आहे, आणि त्याच्या शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘वाशी पूल. येथून हलू नये.’